माशीपकडीवरचा मावा

स्लीड्रेख्त, ६ एप्रिल १९८६

ती. आल्त्येवन्सं यांस,

रेन्स्केचा सा. न. वि. वि. आणि या खेपेस विनंती खरोखरच विशेष आहे. नाताळच्या कार्डाशिवाय माझं पत्र आलेलं पाहून तुम्ही दचकला असाल. दचकू नका. वीबे खुशाल आहे. लागोसच्या बंदरातला गाळ उपसतोय, ऑगस्टमध्ये येईल. महिन्यातून एकदा फोन येतो. पहिली चौकशी झाडांची होते, मग माझी.

पत्र त्या झाडांपायीच आहे. जाताना तुमच्या भावाने खिडकीतली ती सगळी किडेखाऊ मंडळी माझ्या ओटीत घातली. दोन घटपर्णी, बशीतली दवबिंदूची चिकट रोपं, आणि तुम्ही त्याच्या चाळिसाव्या वाढदिवसाला दिलेली ती जबडेवाली माशीपकड. मला म्हणाला, काही करावं लागत नाही, पावसाचं पाणी घाल, जेवण ती आपलं आपण शोधतात. मला वाटलं, चला, या घरात निदान एवढी तरी मंडळी स्वतःचं जेवण स्वतः बघणारी आहेत.

आता बघते तर माशीपकडीची नवी पानं वाकडीतिकडी येताहेत, जबडे हरभऱ्याएवढे आणि पिरगळलेले. भिंग घेऊन पाहिलं तर गाभ्यात हिरव्या उवांची दाटी. मावा! किडे खाणाऱ्या झाडाला किडे खाताहेत हे शेजारच्या कॉर्रीला सांगितलं, तर ती इतकी हसली की तिला जिन्यातच बसावं लागलं.

मी स्वस्थ बसले असं नाही. मावा खातात म्हणून बागेतले लाल पाठीचे, काळ्या ठिपक्यांचे ढालकिडे काडेपेटीत भरून आणले आणि मोठ्या आशेने कुंडीत सोडले. सकाळी पाहिलं तर एका जबड्यातून लाल पंख बाहेर आलेला, आणि दोघे दवबिंदूच्या डिंकात पाय झाडताहेत. म्हणजे ज्यांनी छळलं ते मजेत, आणि मदतीला धावून आले त्यांनाच गिळलं. झाड तुमच्या माहेरचं आहे याची तेव्हा खात्री पटली. रागावू नका हं.

आता साबणाचं पाणी फवारावं असं कॉर्रीचं मत आहे. बाटली भरून ठेवली आहे, पण हात धजत नाही. तुम्ही काय म्हणाल तसं करीन. चौदा वर्षांत तुमच्याकडे काही मागितलं नव्हतं, तेव्हा एवढं द्याल अशी आशा आहे.

लोभ ठेवावा, झाड गेलं तरीसुद्धा.

आपली,
रेन्स्के


ड्विंगेलो, ११ एप्रिल १९८६

चि. सौ. रेन्स्के हिला,

अनेक आशीर्वाद, आणि हे वाक्य वाचून होण्याआधी ती साबणाची बाटली मोरीत ओत. त्या कॉर्रीला म्हणावं, तू तुझे जिने धू. साबणाने माशीपकडीची पानं काळी पडतात. नळाचं पाणीही चालत नाही, त्यातल्या क्षाराने मुळं जळतात. वीबेने हे तुला सांगितलंच असेल, पण तो सांगतो तेव्हा तोंडात पाव असतो.

मावा जबड्यात सापडत नाही याचं नवल नको. जबडा मिटायला आतल्या केसांना धक्का लागावा लागतो, आणि या उवांच्या अंगात तेवढंही वजन नसतं. त्यातून त्या शहाण्या, बाहेरच्या अंगाला आणि गाभ्यात बसून रस ओढतात. ढालकिडा बिचारा धष्टपुष्ट, त्याने पाय ठेवला की संपलं. माझ्या माहेराबद्दलचं वाक्य मी वाचलं नाही असं समजते.

उपाय एकच. बादलीत पावसाचं पाणी घे आणि कुंडी माशीपकडीसकट बुडव. पार बुडव, शेंडासुद्धा वर राहता कामा नये. वर तरंगू लागली तर कडेला दगड लाव. दोन दिवस तशीच ठेव. तू म्हणशील, मरेल. मरत नाही. दलदलीतलं झाड आहे, तिथे पूर येतो तेव्हा त्याच्यावर छत्री कोण धरतं? मावा मात्र बुडून मरतो. मधेच कळवळून बाहेर काढायची नाही. तुझा स्वभाव मला माहीत आहे. लग्नाच्या जेवणात मासा डोळे उघडे ठेवून बघतोय म्हणून तू ताट सरकवलं होतंस.

माझी झाडं झकास आहेत. जूनमध्ये आमच्या किडेखाऊ झाडांच्या मंडळाचे लोक बघायला येणार आहेत, पार बेल्जियममधून. घटपर्णीचे कलश यंदा कमरेला लागतील. अक्षर मोठं दिसेल, ते नव्या जाड पेनामुळे. गेल्या आठवड्यात सायकलसकट कालव्यात गेले, पण त्यात माझी चूक नव्हती, काठावर एक हंस आडवा उभा होता आणि हलेना. पाणी छातीपर्यंतच होतं. सायकल हार्म पोस्टमनने काढली. वीबेला कळवू नये.

काम झाल्यावर कळव. बुडवायला घाबरू नकोस, माझ्यावर भरवसा ठेव.

तुझं झाड आणि तू, दोघी जगा, हा आशीर्वाद.

तुझी,
आल्त्ये


स्लीड्रेख्त, २२ एप्रिल १९८६

ती. आल्त्येवन्सं यांस,

सा. न. वि. वि. माशीपकड जिवंत आहे! मी मात्र अर्धी झाले.

बादली न्हाणीघरात ठेवली होती. दार लोटून घेतलं, पण तोंड धुवायला तर जावंच लागतं. पाण्याखालून ते उघडे जबडे माझ्याकडे बघायचे. दुसऱ्या दिवशी बेकरीत गिऱ्हाइकाने काळा पाव मागितला असताना मी मनुकांचा पाव बांधून दिला. हात दोनदा बादलीपर्यंत गेला होता. तुमचं पत्र कपाटाला चिकटवून ठेवलं होतं, ते वाचून परत घेतला. बाहेर काढली तेव्हा ओल्या मांजरासारखी दिसत होती. पाण्यावर हिरवा सडा पडला होता. आता गाभ्यातून एक नवं पान येतंय, सरळ, टोकाला इवलासा जबडा, दोन्ही बाजू सारख्या. कॉर्रीला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, नणंदेचं ऐकून फायदा झालेली तू मी पाहिलेली पहिलीच.

खरंच उपकार झाले. आता माझं थोडं ऐका. पेन जाड असेल, पण जाड पेनाने ओळी जिन्यासारख्या वर चढत नाहीत. पाकिटावर घराचा नंबर असा होता की पत्र आधी सतरा नंबरच्या घरी गेलं. आणि हंस सायकल बघून हलत नाही असं मी तरी ऐकलं नाही, आमच्या इथले तर अंगावर येतात. तुमची तब्येत बरी आहे ना? नीट जेवता ना?

पेंटेकॉस्टच्या सणाला मला जोडून सुट्टी आहे. वीबे नसताना मी एकटी कधी तुमच्याकडे आले नाही, यंदा यावं म्हणते. तुम्ही नको म्हणणार हे गृहीत धरून तिकीट काढलं आहे.

लोभात काटकसर करू नये, ही विनंती.

आपली,
रेन्स्के


ड्विंगेलो, २९ एप्रिल १९८६

चि. सौ. रेन्स्के हिला,

आशीर्वाद. सरळ पान आलं, छान झालं.

यायची काही गरज नाही. माझी तब्येत ठणठणीत आहे, जेवते, झोपते, चर्चच्या गायकवृंदात अजून वरचा सूर लावते. आयुष्यभर जमीन-मोजणीच्या कचेरीत नकाशे काढले. दोन बांधांमधली केसाएवढी रेघ माझ्याकडून कधी हलली नाही, आणि आता भावजया माझ्या ओळी मोजणार?

घरात पाहुण्यांची खोली थंड आहे. गादी वाईट आहे.

आलीसच तर खारट ज्येष्ठमधाच्या गोळ्या आण. इथल्या दुकानातल्या गोड असतात.

आल्त्ये


स्लीड्रेख्त, २१ मे १९८६

ती. आल्त्येवन्सं यांस,

सा. न. वि. वि. सुखरूप पोचले. गाडीत एक आजोबा झोपेत माझ्या खांद्यावर कलंडले, त्यांना त्यांच्या स्टेशनवर जागं करून उतरवलं, एवढंच काय ते साहस.

दोन दिवस फार छान गेले. गादी मुळीच वाईट नव्हती. तुमच्या हातच्या डुकराच्या चरबीतल्या धिरड्यांची चव अजून जिभेवर आहे. माळावर फिरायला गेलो तेव्हा ओल्या वाळूत तुम्ही मला जंगली दवबिंदू दाखवलेत, ते मी तुमच्याशिवाय पायाखाली तुडवून गेले असते. रविवारी तुम्ही गायनाला चर्चमध्ये गेलात तेव्हा मी घरी राहिले म्हणून पाद्रीबाबांना वाईट वाटलं असेल, तर माझ्यातर्फे माफी मागा. मला उगीच बसवेना, तेव्हा इकडेतिकडे थोडी आवराआवर केली. काही जागचं हललं असेल तर राग मानू नका.

मंडळाचे लोक कधी येणार ते कळवा. मी मदतीला येऊ का? बेकरीतून रजा मिळेल.

तब्येतीस जपावं. सायकल न वापरता चालत जावं, हवा छान आहे.

माझ्यावरचा लोभ आणखी थोडा वाढला असेल, असं समजते.

आपली,
रेन्स्के


ड्विंगेलो, २६ मे १९८६

रेन्स्के,

माझं नाक अजून शाबूत आहे. तू गेल्यावर झाडांच्या खोलीत गेले तर स्पिरिटचा वास. मी या वर्षात स्पिरिट वापरलेलं नाही. घटपर्णीच्या बुडाशी हात लावला तर कापसाचा तंतू बोटाला आला. हार्म पोस्टमन आला तेव्हा त्याला मागच्या पायरीवर तू ठेवलेली कचऱ्याची पिशवी उघडायला लावली. आत माझ्या झाडांची कापलेली पानं. त्याला विचारलं, काय दिसतंय. बिचाऱ्याने पिशवी उजेडात धरली. मग म्हणाला, पांढरं पांढरं आहे, कापसासारखं, आणि चालतंय.

पिठ्या ढेकूण. माझ्या झाडांवर! तुला माव्यावर शहाणपण शिकवत होते त्या दिवसांत माझ्या घरात पिठ्या ढेकणांची जत्रा भरलेली होती, आणि तू ती पाहिलीस, आणि मी चर्चमध्ये देवाची स्तुती गात असताना पाठीमागे तू सगळं पुसून काढलंस. वर मला पत्र लिहितेस की थोडी आवराआवर केली.

मी काय लहान पोर आहे, झोपेत अंथरूण ओलं केलं म्हणून गुपचूप चादर बदलायला? तोंडावर सांगायचं होतंस. मी ओरडले असते, आणि मग आपण दोघींनी मिळून पुसलं असतं.

मंडळाला येऊ नका म्हणून कळवलं आहे. कारण लिहिलं नाही. उत्तर पाठवू नये.

आ.


लागोस, जहाजावरून, ८ जून १९८६

प्रिय रेन्स्के,

तुझं पत्र मिळालं. चिखल, ऊन, चिखल. मी ठीक आहे.

ताईच्या डोळ्यांबद्दल लिहिलंस ते वाचून वाईट वाटलं, पण नवल वाटलं नाही. गेल्या नाताळात तिने माझ्या कपात कॉफी ओतायच्या ऐवजी बशीत ओतली होती आणि मीही मुकाट बशीतून प्यालो. आम्हा भावंडांची ही अशी तऱ्हा. तू म्हणतेस तो मोतीबिंदूच असणार, बाबांनाही होता. ती डॉक्टरकडे का जात नाही हे विचारतेस, तर ऐक.

मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. बाबांचा एक डोळा कापला. त्या काळी कापल्यावर डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून कितीतरी दिवस हलायचं नाही असं असे. ताई उशाशी बसून पेपर वाचून दाखवायची. एकदा ती स्वयंपाकघरात सूप आणायला गेली आणि गोठ्यात गाय अडली. बाबांनी तिचं ओरडणं ऐकलं, पिशव्या फेकल्या आणि पट्टीसकट धावत गेले. वासरू वाचलं. डोळा गेला. दुसरा डोळा त्यांनी मग मरेपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही. शेवटची काही वर्षं ताईनेच त्यांना हाताला धरून हिंडवलं.

हे तिने तुला सांगितलं नसणारच. तूही मी सांगितलं असं सांगू नकोस. किंवा सांग. तुला बरं सुचेल. मला असल्यात काही सुचत नाही, मी गाळ उपसतो.

माशीपकडीला नवा जबडा आला हे वाचून आनंद झाला.

तुझा,
वीबे


स्लीड्रेख्त, १९ जून १९८६

ती. आल्त्येवन्सं यांस,

सा. न. वि. वि. उत्तर पाठवू नये असं तुम्ही लिहिलंत, तेव्हा हे उत्तर नाही, नवीन पत्र आहे.

तुमचं खरं आहे. मी तोंडावर सांगायला हवं होतं. नाही सांगितलं, कारण मी तुम्हाला भिते. चौदा वर्षं भिते आहे. तुम्ही दारात उभ्या राहिलात की मला माझे बूट पुसलेत की नाही ते आठवायला लागतं. तेव्हा आता जे तिथे बोलायचं होतं ते इथे लिहिते, ओरडायचं असेल तर ओरडा, इतक्या लांब ऐकू येणार नाही.

घटपर्णीच्या प्रत्येक बेचक्यात पिठ्या ढेकूण होते. दवबिंदूवर मावा होता. दुधाचं भांडं तीनदा तरी जळालेलं होतं. तुम्ही मला कॉफी दिलीत ती अर्धी टेबलावर होती. कालव्याकाठी मी मुद्दाम जाऊन आले, तिथे हंस नाही, पांढरा रंग दिलेला खांब आहे. माळावरचे दवबिंदू तुम्ही मला दाखवलेत ते पाहून नाही, पाऊलवाटेच्या वळणावरून दाखवलेत, कारण मी वाकले तेव्हा ते तुम्ही बोट केलं होतं तिथून हातभर लांब होते. रात्री गादीत तोंड खुपसून रडले. म्हणून ती वाईट होती की चांगली हे मला खरं म्हणजे माहीत नाही.

बाबांच्या गायीचं मला वीबेने कळवलं. त्याच्यावर रागावू नका, मी खोदून विचारलं. वन्सं, तो डोळा डॉक्टरने घालवला नाही, कापल्याने गेला नाही, तो गायीपायी गेला. तुमच्याकडे गाय नाही. आता वाळूच्या पिशव्याही लावत नाहीत. आमच्या बेकरीत येणाऱ्या एका आजींचं झालं. डोळ्यात बारीक भिंग बसवतात, चार-पाच दिवसांत घरी. त्या आता पावावरची खसखस बघून तक्रार करतात.

शेवटचं एकच. एप्रिलमध्ये तुम्ही मला लिहिलंत, झाड पार बुडव, मरत नाही, माझ्यावर भरवसा ठेव. वीबेचं सगळ्यांत लाडकं झाड होतं. ते मेलं असतं तर त्याला काय तोंड दाखवलं असतं? मला पाण्यात ते मेलेलंच दिसत होतं. तरी मी हात आवरला, कारण तुम्ही सांगितलं होतं. आता मी सांगते आहे. तुम्ही हात आवरू नका, डॉक्टरकडे जा. मी बरोबर येईन, सूप आणायलासुद्धा उशाजवळून उठणार नाही.

तुमच्या लोभावर सध्या माझा हक्क नाही. तरी मागते.

आपली,
रेन्स्के


ड्विंगेलो, ९ जुलै १९८६

चि. सौ. रेन्स्के हिला,

अनेक आशीर्वाद. आधी एक गोष्ट सांगून टाकते. तुझी पत्रं मी वाचत नाही. हार्म वाचतो. त्याला मी सांगितलं होतं, चष्मा हरवलाय, आणि तो जानेवारीपासून हरवलेलाच आहे. तेव्हा माझ्या माहेराबद्दल, तुझ्या मनुकांच्या पावाबद्दल, आणि कॉर्रीच्या हसण्याबद्दल सगळ्या गावाला माहीत झालं असेल. त्याच्या पोटात काही राहत नाही.

तुझं शेवटचं पत्र तो दारात उभ्याने वाचत होता. बाबांच्या गायीपाशी आला तेव्हा त्याने टोपी काढून हातात घेतली. मी म्हटलं, वाच पुढे. पुढे वाचलं, संपवलं, घडी केली, नाक शिंकरलं. मग म्हणाला, आल्त्येबाई, बाकीच्यांची पत्रं वाटायची आहेत, पण तुम्ही हो म्हणेपर्यंत मी इथून हलत नाही. पाऊस सुरू झाला. हार्मची पिशवी भिजायला लागली. आख्ख्या गावाचा पत्रव्यवहार माझ्यापायी ओला झाला असता. मी हो म्हटलं.

डॉक्टरांकडे त्यानेच नेलं. तरणी मुलगी आहे डॉक्टर म्हणजे. डोळ्यात दिवा धरून बराच वेळ पाहिलं. मी विचारलं, फार उशीर झाला का? म्हणाली, उशीर नाही झाला, पण तुम्ही सायकलवरून इथवर आलात असं सांगू नका. मी सांगितलं नाही.

ऑगस्टच्या मध्याला उजवा डोळा करणार, आस्सेनला. मी भीत नाही असं लिहायला सांगितलं तर हार्मने पेन खाली ठेवलं. हो, हे पत्रही त्यानेच लिहिलं आहे, अक्षरावरून कळलंच असेल. तेव्हा खरं ते मी, हार्म, लिहितो: आल्त्येबाई फार घाबरल्या आहेत, रोज मला तारीख विचारतात.

तू येशील का असं मी विचारत नाही. हार्म विचारतो आहे.

आशीर्वाद तुला, आणि त्याच्या ओल्या पिशवीलाही.

तुझी,
आल्त्ये
(हस्ते हार्म)


ड्विंगेलो, ३० ऑगस्ट १९८६

चि. सौ. रेन्स्के हिला,

अनेक आशीर्वाद. हे पत्र माझ्या हाताने, माझ्या जुन्या बारीक पेनाने, आणि तुला पट्टी घेऊन मोजायचं असेल तर ओळी मोजून घे.

तू गेलीस त्या दिवशी डोळ्यावरची पट्टी कायमची काढली. दवाखान्यात चारही दिवस तू उशाजवळून हलली नाहीस. नर्सने तुला घरी जा म्हटलं तर तू म्हणालीस, इथे एक गाय अडली आहे. ते तिला काही कळलं नाही, पण मी पट्टीखाली हसले, आणि हसू नका असं डॉक्टरणीने सांगितलेलं होतं. पहिल्या सकाळी पट्टी जरा सैल केली तेव्हा मला सगळ्यांत आधी तुझा कान दिसला. इतका स्वच्छ कान मी आयुष्यात पाहिला नव्हता. त्यात एक बारीक मोती, आणि कानामागे पांढरे केस. तुला पांढरे केस कधी आले? कुणी मला सांगितलं नाही.

घरी येऊन बघितलं. पडदे साईच्या रंगाचे समजत होते, ते राखेच्या रंगाचे आहेत. स्वयंपाकघराच्या कपाटावर काय होतं ते लिहीत नाही. हार्मला मी तरुण समजत होते. तो येत्या वसंतात निवृत्त होतोय, मिशा पांढऱ्या फेक. त्याला तसं म्हटलं तर तो आरशात बघायला गेला.

मग झाडांच्या खोलीत गेले. आधी दारातच उभी राहिले. आत जायचं धाडस होईना. तू पुसून गेलेल्या घटपर्ण्यांनी नवे कलश धरलेत, झाकणावर लाल शिरा, एकेक शीर मोजावी अशी. गुडघ्यांवर बसून मोजल्या. तीन झाडं गेली. चौथं, दाराआडच्या कुंडीतलं, हिवाळ्यातच गेलं होतं, आणि मी त्याला सगळा उन्हाळा पाणी घालत होते, बोलत होते. ते तू पाहिलं होतंस. वाळका बुंधा तसाच ठेवलास. त्यावर मी रागावायला हवं, पण त्याचं गुपित तू ठेवलंस तेच बरं केलंस. उरलेल्यांवर अजून कुठे कुठे पिठ्या ढेकूण आहेत. माझं भिंग, माझा कापूस, माझं स्पिरिट घेऊन मी सकाळपासून बसते. एकेकाला शोधून काढते. रेन्स्के, ते किती सुंदर असतात ते तू पाहिलंस का? अंगावर मेणाची झालर. मारताना वाईट वाटतं. तरी मारते.

डावा डोळा नोव्हेंबरात. त्याला तू येऊ नकोस, रजा वाया घालवू नकोस. वीबे म्हणाला तो येईल. बसेल आणि पाव खाईल.

मंडळाचे लोक पुढच्या जूनमध्ये येणार. यंदा का बोलावलं नाही ते मी खरं लिहून कळवलं. बेल्जियमच्या एका गृहस्थांचं उलट टपाली उत्तर आलं, की त्यांच्याकडेही तसंच झालं होतं, फक्त त्यांच्या बायकोने तीन वर्षं काही सांगितलं नाही.

आता दोन गोष्टी. चौदा वर्षं तू मला भितेस असं लिहिलंस. हार्मने ते वाक्य वाचलं तेव्हा मी त्याला पुन्हा वाचायला लावलं. मला वाटत होतं तुला मी आवडत नाही, म्हणून तू दारात सारखी बुटांकडे बघतेस. दोघी किती मूर्ख.

दुसरी. माळ आता रानफुलांनी जांभळा झाला आहे, लवकरच ओसरेल. पुढच्या शनिवारी ये. तुझ्या झाडांना काही झालेलं नाही, माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही, कुणी अडलेलं नाही. काही कारण नाही. म्हणून ये.

आणि ते ‘तुम्ही’ आता पुरे कर. मी काही तहसीलदार नाही.

लोभ माझा आहेच. तू तो मागत बसू नकोस.

तुझी,
आल्त्ये


स्लीड्रेख्त, २ सप्टेंबर १९८६

प्रिय आल्त्ये,

हे दोन शब्द लिहायला मला आख्खी संध्याकाळ लागली. वीबे शेजारी बसून पाव खातोय आणि हसतोय.

शनिवारी दुपारच्या गाडीने येते. तुम्ही स्टेशनवर

तू स्टेशनवर ये. सायकलवर नको, चालत ये.

तुझी,
रेन्स्के